सायकलच्या चेनला कोणतं तेल? उत्तर सापडलं इलायजा मॅकॉय यांच्या गोष्टीत

तर झालं असं. दोन वर्षांपूर्वी मी गिअरची सायकल घेतली. ऑफिसला जायला, आणि खरं सांगायचं तर थोडं पोट कमी करायला. पहिले काही महिने मजेत गेले. मग पावसाळा आला आणि चेनमधून चिवचिवाट सुरू झाला. घरात काहीही कुरकुरलं की आपल्याकडे जे करतात तेच मी केलं. खोबरेल तेलाची बाटली आणली आणि चेनवर ओतली. आवाज बंद! मी खूश.

ही खुशी डिसेंबरपर्यंत टिकली. एका थंड सकाळी खाली आलो, तर चेनवर पांढरट थर आणि त्यावर चिकटलेली धूळ. खोबरेल तेल साधारण २४ अंशांच्या खाली थिजतं, हे बाथरूममधल्या बाटलीमुळे मला लहानपणापासून माहीत होतं. तेच तेल चेनवरही थिजेल, हे काही सुचलं नाही. मग एका मित्राच्या सांगण्यावरून मोटारसायकलचं इंजिन ऑइल टाकलं. आठवड्याभरात चेन काजळासारखी काळी आणि पँटचा उजवा पाय कायमचा खराब.

शेवटी मोबाइल हातात घेतला आणि शोधायला बसलो. वेट ल्यूब, ड्राय ल्यूब, वॅक्स, सिरॅमिक! पर्याय इतके की डोकं गरगरलं. पण या शोधाशोधीत वंगणाबद्दल वाचताना एक नाव सतत समोर येत राहिलं: इलायजा मॅकॉय. सायकलशी त्यांचा थेट संबंध नाही. ते होते वाफेच्या इंजिनांच्या जमान्यातले इंजिनिअर. पण त्यांचं आयुष्य वाचून झाल्यावर माझ्या चेनचा प्रश्न आपोआप सुटला. म्हणून आज आधी त्यांची गोष्ट सांगतो आणि शेवटी चेनकडे येतो.

पळून आलेल्या आईबापाचा मुलगा

इलायजाचे आईवडील, जॉर्ज आणि मिल्ड्रेड, अमेरिकेच्या केंटकी राज्यात गुलाम होते. गुलाम म्हणजे कायद्याने दुसऱ्याच्या मालकीची वस्तू. त्या काळात अमेरिकेच्या दक्षिणेकडून उत्तरेकडे पळून जाणाऱ्या गुलामांसाठी एक गुप्त साखळी काम करायची. एका घरात लपायचं, रात्री पुढच्या घरी जायचं, असं करत करत सीमा गाठायची. या साखळीला ‘अंडरग्राउंड रेलरोड’ म्हणायचे. नावात रेल्वे असली तरी त्यात रूळ नव्हते की इंजिन नव्हतं. होती ती फक्त जीव धोक्यात घालून मदत करणारी माणसं.

जॉर्ज आणि मिल्ड्रेड याच वाटेने कॅनडात पोहोचले. कॅनडा ब्रिटिशांकडे होता आणि ब्रिटिश साम्राज्यातल्या बहुतेक भागांत गुलामगिरी १८३४ मध्ये कायद्याने संपली होती. तिथे ओंटारिओमधल्या कोल्चेस्टर गावात १८४४ मध्ये इलायजाचा जन्म झाला. म्हणजे तो जन्मतः स्वतंत्र. सीमेच्या पलीकडे जन्मला असता तर तोही कुणाच्या तरी मालमत्तेच्या यादीत गेला असता. पुढे हे कुटुंब अमेरिकेत परत आलं आणि मिशिगन राज्यातल्या यप्सिलँटी गावात स्थायिक झालं. मिशिगनमध्ये गुलामगिरी नव्हती.

पोराला यंत्रांचं वेड होतं. दिसेल ते उघडायचं आणि पुन्हा जोडायचं. पण अमेरिकेत काळ्या मुलाला इंजिनिअरिंग शिकवणार कोण? आईवडिलांनी मग मोठी उडी मारली. १८५९ मध्ये, पंधरा वर्षांच्या इलायजाला त्यांनी अटलांटिक महासागर ओलांडून थेट स्कॉटलंडमधल्या एडिनबरोला पाठवलं. तिथे त्याने उमेदवारी केली, म्हणजे आजच्या भाषेत अप्रेंटिसशिप, आणि मेकॅनिकल इंजिनिअर होऊन बाहेर पडला.

जरा विचार करा. ज्यांना स्वतःला लिहाय-वाचायचाही हक्क नव्हता अशा घरातून आलेला मुलगा, वाफेचं यंत्र जिथे मोठं झालं त्या देशात शिकून पक्का इंजिनिअर झाला. घरच्यांना काय वाटलं असेल!

पदवी इंजिनिअरची, हातात फावडं

अमेरिकेतलं यादवी युद्ध १८६५ मध्ये संपलं. देशभरातली गुलामगिरीही त्याच वर्षी कायद्याने संपली. त्यानंतर मॅकॉय मिशिगनला परतले आणि नोकरी शोधू लागले. शिक्षण होतं, कौशल्य होतं. पण काळ्या माणसाला इंजिनिअर म्हणून घ्यायला कुणी तयार नव्हतं. मिशिगन सेंट्रल रेल्वेत त्यांना काम मिळालं ते फायरमन आणि ऑइलमनचं.

फायरमन म्हणजे इंजिनाच्या भट्टीत फावड्याने कोळसा टाकणारा. ऑइलमन म्हणजे गाडी थांबली की हातात तेलाचा डबा घेऊन खाली उतरायचं आणि फिरणाऱ्या, घासणाऱ्या प्रत्येक भागाला तेल द्यायचं.

इथे मी थोडा थांबलो, कारण माझी पहिली नोकरी आठवली. कॉलेजात डेटा स्ट्रक्चर, अल्गोरिदम शिकून आलो आणि काम काय मिळालं, तर रात्री अडीचला अलर्ट आला की लॉगिन करून सर्व्हर रीस्टार्ट करायचा. सहा महिने मी तेच केलं आणि सहा महिने रडलो. अर्थात ही तुलना इथेच संपते. मला ते काम नवशिका म्हणून मिळालं होतं, पुढे बढतीही मिळाली. मॅकॉय यांना ते त्यांच्या कातडीच्या रंगामुळे मिळालं होतं. तो अन्यायच होता. पुढे त्यांनी त्यातून काही घडवलं म्हणून तो अन्याय चांगला ठरत नाही.

पण एक गोष्ट खरी. मोठ्या ऑफिसात बसून नकाशे काढणाऱ्या इंजिनिअरला जे दिसत नव्हतं, ते हातात तेलाचा डबा घेऊन इंजिनाखाली वाकणाऱ्या या इंजिनिअरला रोज दिसत होतं.

तेल द्यायला गाडी का थांबवायची?

धातूवर धातू घासला की उष्णता तयार होते आणि दोन्ही झिजतात. मध्ये तेलाचा पातळ पडदा असेल तर दोन पृष्ठभाग एकमेकांना जवळजवळ भिडतच नाहीत, तेलावरून घसरतात. वंगणाचं सगळं काम एवढंच.

रेल्वेत चाकांच्या आसांजवळ तेल संपलं की तो भाग तापून लाल व्हायचा, कधी कधी पेटही घ्यायचा. सिलिंडरची अडचण याहून वेगळी. वाफेच्या इंजिनात सिलिंडरच्या आत दट्ट्या, म्हणजे पिस्टन, पुढेमागे सरकतो आणि त्याला ढकलते ती दाबाखालची गरम वाफ. या दट्ट्याला तेल हवंच. पण वाफ चालू असताना तेलाच्या कपाचं तोंड उघडलंत तर तेल आत जायच्या ऐवजी वाफच फस्सकन बाहेर येणार. म्हणून वाफ बंद करा, तेल किंवा वितळलेली चरबी ओता आणि पुन्हा सुरू करा, असा सगळा कारभार. गाडी पळत असताना मात्र तेल हळूहळू संपत जायचं. म्हणजे थांबल्यावर गरजेपेक्षा जास्त तेल आणि पळताना गरजेपेक्षा कमी.

हे मला फार ओळखीचं वाटलं. मी चेनला तेल देत होतो ते असंच. महिनाभर विसरायचं आणि मग एकदम अर्धी बाटली!

१८७२: इंजिननेच स्वतःला तेल द्यायचं

मॅकॉय यांनी यप्सिलँटीत स्वतःची छोटी कार्यशाळा थाटली आणि नोकरी सांभाळून प्रयोग सुरू केले. जुलै १८७२ मध्ये त्यांना वाफेच्या इंजिनांसाठीच्या लुब्रिकेटरचं, म्हणजे तेल देणाऱ्या उपकरणाचं, पेटंट मिळालं. क्रमांक १,२९,८४३.

कल्पना ऐकायला सोपी आहे. तेलाने भरलेला एक बंद कप इंजिनावर बसवायचा. त्यातून तेल खाली सोडणारी झडप, म्हणजे व्हॉल्व्ह, माणसाने उघडायची नाही. ती उघडेल इंजिनाच्या स्वतःच्या वाफेच्या दाबाने. इंजिन चालू असेल तेव्हा थोडं थोडं तेल पडत राहील. जो वाफेचा दाब आतापर्यंत तेलाला आत जाऊ देत नव्हता, त्यालाच कामाला लावायचं.

सॉफ्टवेअरवाल्यांना हे लगेच कळेल. रात्री उठून हाताने स्क्रिप्ट चालवण्यापेक्षा, सिस्टिममध्ये जे घडतं त्यालाच ट्रिगर बनवायचं. माझ्या त्या सर्व्हरचंही शेवटी तेच केलं. मेमरी एका मर्यादेपलीकडे गेली की काम आपोआप दुसरीकडे वळवणारा छोटा प्रोग्रॅम लिहिला आणि त्या रात्रीपासून झोप लागली.

आता एक गोष्ट प्रामाणिकपणे सांगायला हवी. नेटवर बऱ्याच ठिकाणी असं लिहिलेलं दिसतं की आपोआप तेल देणारं उपकरण जगात सर्वांत आधी मॅकॉय यांनीच बनवलं. ते बरोबर नाही. इंग्लंडमध्ये जॉन रॅम्सबॉटम यांनी १८६० मध्येच एक लुब्रिकेटर बनवला होता. त्याची युक्तीही मस्त होती. वाफ कपात थंड होऊन तिचं पाणी व्हायचं. पाणी तेलापेक्षा जड, म्हणून ते तळाशी जायचं आणि तेवढंच तेल वर ढकललं जाऊन इंजिनात उतरायचं. मॅकॉय यांचं मोठेपण पहिलं असण्यात नाही. एकाच प्रश्नाच्या मागे ते पन्नास वर्षं लागून राहिले आणि प्रत्येक वेळी उपकरण आधीपेक्षा चांगलं करत गेले, त्यात आहे.

याच सुमाराला आपल्याकडे काय चाललं होतं माहितीये? १८७३ मध्ये, म्हणजे मॅकॉय यांच्या पेटंटनंतर एका वर्षात, पुण्यात महात्मा जोतीराव फुल्यांचं ‘गुलामगिरी’ प्रसिद्ध झालं. जोतीरावांनी ते अर्पण केलं होतं अमेरिकेतल्या त्या लोकांना, ज्यांनी काळ्या लोकांची गुलामगिरीतून सुटका करण्यासाठी झटून काम केलं. मॅकॉय कुटुंबासारख्या माणसांची लढाई पुण्यात बसून कुणीतरी लक्ष देऊन पाहत होतं.

पेटंट त्यांचं, नाव कुणाचं?

१८८२ मध्ये मॅकॉय डेट्रॉईट शहरात राहायला गेले. पहिली पत्नी अॅन हिचं लग्नानंतर चारच वर्षांत निधन झालं होतं. १८७३ मध्ये त्यांनी मेरी एलेनोरा डेलनी यांच्याशी लग्न केलं. मेरीबाईही साध्या नव्हत्या. स्त्रियांच्या मताधिकारासाठी त्यांनी काम केलं आणि डेट्रॉईटमध्ये वृद्ध, निराधार काळ्या स्त्रियांसाठी घर उभं करण्यात पुढाकार घेतला.

मॅकॉय यांच्या नावावर आयुष्यभरात ५७ पेटंट जमा झाली. बहुतेक वंगणाचीच. पण घरगुती गोष्टीही आहेत. १८७४ मध्ये इस्त्रीच्या टेबलाचं पेटंट, १८९९ मध्ये हिरवळीवर पाणी शिंपडणाऱ्या स्प्रिंकलरचं पेटंट. त्यांचे लुब्रिकेटर रेल्वेत वापरले जात, जहाजांच्या इंजिनांवर वापरले जात.

मग माणूस गडगंज श्रीमंत झाला असेल ना? नाही. पेटंट म्हणजे फक्त हक्काचा कागद. वस्तू बनवायची तर कारखाना हवा, कारखान्याला भांडवल हवं आणि काळ्या संशोधकाला भांडवल सहजासहजी मिळत नव्हतं. म्हणून अनेक पेटंटचे हक्क त्यांनी पैसे घालणाऱ्यांच्या नावावर करून दिले किंवा विकले. वस्तू त्यांच्या डोक्यातून आलेली, नफा दुसऱ्याचा. विकल्या जाणाऱ्या बहुतेक लुब्रिकेटरवर त्यांचं नावही नसायचं.

स्वतःचं कोड कंपनीच्या नावावर जाणं आपल्याला आज नेहमीचं झालंय, पगारही मिळतो. पण तुमच्याकडे दुसरा पर्यायच नसेल तर ते किती लागत असेल, याचा अंदाज मला करवत नाही.

म्हातारपणीचा नवा प्रश्न आणि पेन्सिलीतलं उत्तर

विसाव्या शतकाच्या सुरुवातीला रेल्वे इंजिनांमध्ये मोठा बदल आला: सुपरहीटेड वाफ. पाण्यातून निघालेली वाफ आणखी तापवायची, म्हणजे ती कोरडी आणि खूप जास्त गरम होते. तेवढ्याच कोळशात जास्त काम मिळतं. रेल्वे कंपन्या खूश. पण तेलाचं काय? इतक्या तापमानाला साधं तेल टिकेना. ते पातळ व्हायचं, जळायचं आणि मागे कार्बनची खरपुडी सोडायचं. जुनं वंगण वाईट नव्हतं. परिस्थिती बदलली होती.

मॅकॉय तेव्हा सत्तरीत होते. एवढं नाव कमावलेला माणूस जुन्याच गोष्टीला चिकटून बसला असता तरी कुणी काही म्हटलं नसतं. त्यांनी उत्तर शोधलं ग्राफाइटमध्ये. ग्राफाइट म्हणजे तेच, जे आपल्या पेन्सिलीत असतं. त्यात कार्बनचे अतिशय पातळ थर एकावर एक रचलेले असतात आणि ते एकमेकांवरून पत्त्यांच्या कॅटमधल्या पानांसारखे सरकतात. पेन्सिल कागदावर उमटते ती याच सरकण्यामुळे. शिवाय तेल जळेल अशा उष्णतेतही ग्राफाइट टिकतं.

अडचण एकच. ग्राफाइट ही घन पदार्थाची पूड. तेलात मिसळली तर तळाशी बसते आणि बारीक वाटा तुंबवते. ही पूड न तुंबता, सारख्या प्रमाणात इंजिनापर्यंत पोहोचवणारा लुब्रिकेटर त्यांनी बनवला. १९१५ मध्ये त्याचं पेटंट मिळालं. स्वतःच्या सगळ्या कामात त्यांना हे काम सर्वांत जास्त आवडायचं.

आणि १९२० मध्ये, वयाच्या शहात्तराव्या वर्षी, त्यांनी डेट्रॉईटमध्ये स्वतःची कंपनी काढली. ‘इलायजा मॅकॉय मॅन्युफॅक्चरिंग कंपनी’. पहिल्या पेटंटनंतर तब्बल ४८ वर्षांनी त्यांच्या उपकरणांवर त्यांचं स्वतःचं नाव आलं.

हे सुख फार टिकलं नाही. १९२२ मध्ये मॅकॉय पतिपत्नीच्या मोटारीला अपघात झाला. मेरीबाईंना जबर दुखापत झाली आणि त्यातून त्या वाचल्या नाहीत. मॅकॉयही पूर्ण बरे झाले नाहीत. शरीर खचलं, पैसा संपत गेला, स्मरणशक्ती दगा देऊ लागली. शेवटचा काळ त्यांनी डेट्रॉईटजवळच्या एलोइज इथल्या रुग्णालयात काढला. १० ऑक्टोबर १९२९ रोजी ते गेले. वय ८५.

‘रिअल मॅकॉय’ची फॉरवर्ड

इंग्रजीत अस्सल, खऱ्या मालाला ‘द रिअल मॅकॉय’ म्हणतात. तुम्हालाही कधी ना कधी एखादी रील आली असेल की हा शब्दप्रयोग याच मॅकॉय यांच्यावरून आला. नकली लुब्रिकेटर बाजारात आले आणि मग रेल्वेचे लोक दुकानात जाऊन खरं मॅकॉय आहे का असं विचारू लागले, वगैरे. गोष्ट छान आहे. पण स्कॉटलंडमध्ये ‘रिअल मॅके’ हा शब्दप्रयोग १८५६ मध्येच छापलेला सापडतो. तेव्हा आपले इलायजा बारा वर्षांचे होते! म्हणजे शब्दप्रयोग त्यांच्या आधीचा आहे. पुढे तो त्यांच्या नावाला चिकटला.

मला वाटतं त्यांना या फॉरवर्डची गरजही नाही. २०१२ मध्ये अमेरिकेच्या पेटंट खात्याने राजधानीच्या परिसराबाहेरचं आपलं पहिलं कार्यालय डेट्रॉईटमध्ये सुरू केलं आणि त्याला मॅकॉय यांचं नाव दिलं. ज्यांच्या उपकरणांवर त्यांचं नाव नसायचं, त्यांचं नाव आता पेटंट देणाऱ्या कचेरीवरच आहे.

आता चेनकडे येऊ

मॅकॉय इंजिनाला तेल देताना तीन प्रश्नांशी झगडत होते. तेल नेमकं कुठे पोहोचायला हवं? किती आणि कधी? आणि तिथली परिस्थिती कशी आहे? कोणतं तेल, हा प्रश्न या तिघांनंतर येतो. मी मात्र सुरुवातच चौथ्या प्रश्नापासून केली होती.

कुठे? आजची सायकलची चेन मुळात हान्स रेनॉल्ड यांनी १८८० मध्ये मँचेस्टरला बनवलेल्या रोलर चेनची वंशज. प्रत्येक जोडात एक पिन असते आणि तिच्यावर फिरणारा रोलर. दोन जोडांमधलं अंतर अर्धा इंच, म्हणजे १२.७ मिलिमीटर. झीज होते ती आत, पिनभोवती. बाहेरच्या पट्ट्या तेलाने चकचकीत केल्या तर काहीच उपयोग नाही, उलट धूळ चिकटते. ती धूळ आणि तेल मिळून जी काळी पेस्ट होते, ती आत शिरून पॉलिश पेपरसारखं काम करते. म्हणून प्रत्येक रोलरवर एकेक थेंब, पेडल उलटं फिरवत तेल आत मुरू द्यायचं आणि मग बाहेरून फडक्याने पूर्ण पुसायचं. पुसणं हाच अर्धा जॉब.

किती आणि कधी? थोडं आणि नियमित. दर महिन्याला अर्धी बाटली नाही. चेन कोरडी वाजायला लागली किंवा पावसात भिजली, की द्या. पण घाण चेनवर नवीन तेल नको. आधी पुसा, फारच काळी असेल तर डिग्रीझरने किंवा रॉकेलने धुवा, पूर्ण वाळवा, मग तेल.

परिस्थिती कशी? खरी निवड इथे होते.

पाऊस आणि चिखल असेल तर वेट ल्यूब. हे दाटसर तेल पाण्याने लवकर धुऊन जात नाही. तोटा म्हणजे धूळ ओढून घेतं, म्हणून पुसणं जास्त.

कोरडा उन्हाळा आणि धुळीचा रस्ता असेल तर ड्राय ल्यूब. यात पातळ द्रावक असतो. तो उडून जातो आणि मागे मेणासारखा कोरडा पातळ थर राहतो. म्हणून ते लावून लगेच निघायचं नाही, रात्री लावा आणि सकाळी चालवा. मोठ्या पावसात मात्र ते टिकत नाही. मॅकॉय यांच्या ग्राफाइटची आठवण झाली ना? काही ड्राय ल्यूबमध्ये आजही असेच थर सरकणारे घन पदार्थ असतात.

वेळ आणि हौस असेल तर गरम मेण. चेन काढून, तेलाचा अंशही न ठेवता धुऊन, वितळलेल्या पॅराफिन मेणात बुडवायची. चेन स्वच्छ राहते आणि हात काळे होत नाहीत. पण रोज घाईत निघणाऱ्यांनी याच्या नादी लागू नये.

काय टाळायचं? खोबरेल, ते मी करून पाहिलंय. स्वयंपाकाचं तेल, कारण ते हवेने चिकट होत जातं. जाड ग्रीस, कारण ते आत पिनपर्यंत पोहोचतच नाही. आणि गंज सोडवायचे पातळ स्प्रे. ते अडकलेला नट सोडवायला उत्तम, पण चेनमधलं चांगलं तेल धुऊन काढतात आणि स्वतः फार टिकत नाहीत.

शेवटची एक चाचणी, पट्टी घेऊन करता येते. एका पिनच्या मध्यावर पट्टीचा शून्य ठेवा. नवीन चेनमध्ये २४ जोडांनंतरची पिन बरोबर १२ इंचांवर येते. ती एक षोडशांश इंच पुढे गेली असेल, म्हणजे साधारण अर्धा टक्का, तर चेन बदला. एक अष्टमांश इंच पुढे गेली असेल तर चेनसोबत मागचे दातेही झिजलेले असण्याची शक्यता मोठी, आणि मग खर्च वाढतो. चेन ताणली गेली असं आपण म्हणतो, पण लोखंड ताणलं जात नाही. आतल्या पिना झिजलेल्या असतात.

माझी चेन मोजली तेव्हा ती अष्टमांशाच्याही पुढे गेली होती. चेन आणि मागचा गिअरचा संच दोन्ही बदलावे लागले. आता माझ्याकडे दोन छोट्या बाटल्या आहेत, एक जून ते सप्टेंबरसाठी आणि दुसरी उरलेल्या आठ महिन्यांसाठी. आणि एक जुनं फडकं आहे, ज्याचा मी दोन्ही बाटल्यांपेक्षा जास्त वापर करतो. रविवारी सकाळी दहा मिनिटं खाली बसून एकेक थेंब टाकताना कधी कधी तेलाचा डबा घेऊन इंजिनाखाली वाकलेले मॅकॉय आठवतात. मी ते आवडीने करतो. त्यांच्यावर ते लादलं गेलं होतं.

तर मित्रांनो, आज घरी गेलात की चेनवर एक बोट फिरवून बघा. बोट काळं झालं, तर आधी फडकं शोधा. तेलाचं नंतर बघू.